स्मारक कोणाचे?

थॉमस ग्रेची १७५१ सालची विलापिका आपण वर्गात अनाम ग्रामस्थांच्या सन्मानाची कविता म्हणून शिकवतो. हे वाचन अपुरे आहे.

इंग्लंडमधील स्टोक पोजेस येथील ग्रामचर्चच्या आवारात १७७१ साली ग्रेला आई आणि मावशीच्या थडग्यात पुरले. त्यावर आईसाठी त्यानेच लिहिलेला मजकूर आहे. त्याचे स्वतःचे नाव नाही. १७९९ साली मात्र स्टोक पार्कचा मालक जॉन पेन याने लगतच्या कुरणात, वास्तुकार जेम्स वायटकडून, उंच चौथऱ्यावर भव्य दगडी शवपेटी उभारून घेतली आणि तिच्याखाली याच कवितेतील ओळी कोरवल्या. थोरांच्या कोरीव स्मारकांचा फोलपणा सांगणारी कविता अशा रीतीने एका जमीनदाराच्या उद्यानाची शोभा झाली!

दोष एकट्या पेनचा नव्हे. कवितेचा शेवटही मृत्युलेखानेच होतो, आणि तो कोणा नांगरधाऱ्याचा नसून कवीच्याच जातकुळीतील एका तरुणाचा आहे. ग्रामस्थांचे अनामपण सुंदर होते, पण संपत नाही. दगड कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न टाळून ही कविता शिकवणारा अध्यापक पेनच्याच चौथऱ्यावर आणखी एक चिरा चढवत असतो.