फाशी आणि आपली न्यायबुद्धी

गाणे शिकविणाऱ्या मनुष्याने फाशीविषयी लिहावे, हे कोणास चमत्कारिक वाटेल. पण ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण स्त्री-डॉक्टरचा अत्याचार करून खून झाला, तेव्हा देशभर फाशीची जी मागणी उठली, तीत माझ्या वर्गातील मुलीही होत्या. जानेवारी २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपीस जन्मठेप दिली, आणि 'हा कसला न्याय?' असा प्रश्न त्यांनी मला केला. तंबोऱ्याआड दडून तो टाळता येण्यासारखा नव्हता.

प्रश्न आजचा नव्हे. महाभारताच्या शांतिपर्वात द्युमत्सेन राजा व त्याचा पुत्र सत्यवान यांचा याच विषयावर संवाद आहे. सत्यवानाचे म्हणणे असे की, एका चोरास मारले म्हणजे त्याची बायको, आईबाप, मुले ही सारीच मारली जातात. शिवाय दुष्ट मनुष्यही पुढे सुधारू शकतो. राजा उत्तरतो की, पूर्वी नुसत्या धिक्काराने लोक ताळ्यावर येत, आता वधानेही येत नाहीत. बापाचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. राज्य चालविणाऱ्याची ती खरी अडचण आहे. मात्र वधाचा धाक पुरत नाही, ही कबुली त्याने आपण होऊनच दिली आहे.

माझे वडील दरबारी गवई असल्याने संस्थानांविषयी मला आपुलकी आहे. तथापि पुढील गोष्ट केवळ त्या आपुलकीपोटी सांगत नाही. त्रावणकोरच्या महाराजांनी १९४४ साली, राजद्रोहासारखे काही गुन्हे वगळून, फाशी बंद केली. विलीनीकरणानंतर देशाचा कायदा तेथे लागू झाला व फाशी परत आली. फाशी नव्हती त्या १९४५ ते १९५० या काळात तेथे ९६२ खून झाले; ती आल्यावर, १९५० ते १९५५ मध्ये, ९६७. एवढ्या आकड्यांवर सिद्धान्त उभारू नये हे खरे. पण फाशी उठली की खुनांना ऊत येतो, या भयाला त्यांत काही आधार सापडत नाही.

धाक बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: ज्याने केले त्याने भोगलेच पाहिजे. मुलगी गमावलेल्या आईसमोर याविरुद्ध मी तोंड उघडणार नाही. परंतु कोणी किती भोगावे, हे ठरवायचे कोणी? १९८० साली बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनेस धरून आहे असे ठरविले, ती केवळ 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणी द्यावी या अटीवर. विरुद्ध मत न्यायमूर्ती भगवतींचे. फाशी होणे न होणे हे खटला कोणत्या न्यायाधीशांपुढे येतो यावर अवलंबून राहते, हा त्यांचा एक मोठा आक्षेप. मला तो पटतो. गायनाच्या परीक्षेत एकाच मुलाच्या आलापीस एक परीक्षक सत्तर गुण देतो, दुसरा पन्नास, आणि दोघेही प्रामाणिक असतात! तेथे निदान फेरपरीक्षा तरी आहे.

२०१५ साली विधी आयोगाने दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र ती राहिली, आणि जमावाने केलेल्या हत्येसारख्या गुन्ह्यांनाही लागली.

नाशिक जिल्ह्यातील एक खटला मला विसरता येत नाही. २००३ साली तेथे एका कुटुंबातील पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीच्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. पुढे एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे निघाले. जिवंत राहिलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळीच माणसे ओळखली होती, तेही दडून राहिले होते. २०१९ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले व प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. २००९ चा निकाल तातडीने अमलात आला असता, तर ती रक्कम घ्यावयास त्यांच्यापैकी कोणी उरले नसते.