जीपचे दिवे मंद होतात तेव्हा

रात्रीच्या वेळी गाडी चालविणाऱ्यास रस्ता नीट दिसेनासा झाला, तर दोष दोन ठिकाणी संभवतो: गाडीच्या दिव्यांत किंवा चालविणाऱ्याच्या डोळ्यांत. चालविणारा वयस्क असला, की घरातील मंडळी दुसऱ्या शक्यतेवर चटकन विश्वास ठेवतात. आमच्या मामांच्या बाबतीत असेच घडले. त्या अनुभवात जुन्या वाहनांच्या दिव्यांविषयी शिकण्यासारखे पुष्कळ असल्यामुळे या वेळी तोच विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मामांचे घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात. छत्तीसगडात वस्तीला ‘पारा’ म्हणतात, आणि जुन्या रायपुरातील या पाऱ्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की मामांची जीप अंगणात घ्यावयाची म्हणजे एकाने पुढे उभे राहून हात दाखवावा लागतो. ही जीप १९५०च्या दशकातील, विलीज बनावटीची. तरुणपणी लिलावात घेतलेली ही गाडी मामांनी आजवर जिवापाड सांभाळली आहे.

जीप हे मुळात युद्धासाठी घडविलेले वाहन. १९४१ पासून अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी ती लाखोंच्या संख्येने तयार केली. आपल्याकडे पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. लष्करी जीपच्या पुढच्या दिव्यांना बिजागरी असे. रात्री दुरुस्तीची वेळ आली, तर दिवा उलटा फिरवून त्याचा उजेड इंजिनावर पाडता यावा, अशी ती सोय होती. यंत्र बिघडणारच आणि ते वाटेतच दुरुस्त करावे लागणार, हे ज्यांनी गृहीत धरले, त्यांनी ते दुरुस्तीला सोपेही केले. म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही या गाडीचा दोष घरच्या घरी शोधता येतो.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याच सुमारास त्यांनी जीपला हौसेने नवा रंग दिला. पुढे माघी पौर्णिमेस सर्व मंडळी राजीमच्या यात्रेला गेली. परतताना अभनपूर ओलांडल्यावर अंधारात एक सायकलस्वार मामांना अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक लागला, सायकलस्वार वाचला. परंतु मागे बसलेल्या लहान मुलांनी केलेला आकांत सर्वांच्या मनात राहिला. घरी आल्यावर मुलांनी निर्णय सांगितला, “बाबा, आता रात्री गाडी चालवायची नाही. तुम्हांला दिसत नाही.” मामा काही बोलले नाहीत. त्यांनी किल्ली खुंटीला अडकविली आणि पुढे कित्येक दिवस तिला हात लावला नाही.

मामींनी मात्र एक साधी गोष्ट सांगितली. “डोळे यांचे अधू असतील, पण माझे तर नाहीत ना? मलाही तो माणूस दिसला नाही.”

हे वाक्य आम्हांस महत्त्वाचे वाटले. त्या संध्याकाळी आम्ही जीप अंगणातील पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर पडलेला प्रकाश पांढरा नव्हता. जुन्या कंदिलासारखा तांबूस पिवळा होता. बल्ब नवे होते. बॅटरी पूर्ण भरलेली होती. मग वीज जात होती कुठे?

याचे उत्तर समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरातील दिव्याला दोन तारा असतात. मोटारीतील दिव्याला बहुधा एकच तार दिसते. बॅटरीकडून वीज तारेने दिव्यापर्यंत येते, आणि परत जाते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. या परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात. दिवा मडगार्डला, मडगार्ड बॉडीला, बॉडी चासीला आणि चासी बॅटरीच्या ऋण टोकाला, असे हे सांधे. यांपैकी एखाद्या सांध्यात गंज किंवा रंग शिरला, की वाट अरुंद होते. ती पुरती बंद झाली असती, तर दिवा विझला असता आणि दोष तत्काळ कळला असता. अरुंद झाल्यामुळे दिवा जळतो, पण रोगट जळतो. असा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

मामांच्या जीपसारख्या ६ व्होल्टच्या गाडीत हा दोष विशेष जाचक ठरतो. ३६ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह पुरतो. ६ व्होल्टवर ६ अँपिअर लागतो. सांध्यात केवळ एक दशांश ओहम रोध असला, तर १२ व्होल्टच्या गाडीत सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे चाळिसावा हिस्सा वाया जातो. ६ व्होल्टच्या गाडीत मात्र सुमारे ०.६ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा जातो. आणि तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की दाब एक दशांश उतरला, तर प्रकाश जवळजवळ तीन दशांश उतरतो.

आम्ही मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे दिव्याच्या धातूच्या कवचाला लावले. दिवे चालू असताना तेथे फार तर एक-दोन दशांश व्होल्ट दिसावयास हवेत. काटा सव्वा व्होल्टवर गेला. म्हणजे दिव्याचा अर्ध्याहून अधिक प्रकाश त्या परतीच्या वाटेवरच खर्च होत होता. मडगार्डचा बोल्ट काढला, तेव्हा त्याच्याखाली दोन वर्षांपूर्वीचा तो हौसेचा रंग जाड थराने बसलेला आढळला. जीप सुंदर झाली त्याच दिवशी तिची दृष्टी मंदावली होती.

आता वाचकांनी असा दोष कसा शोधावा, ते क्रमाने सांगतो.

प्रथम बॅटरी पाहावी. दिवे बंद असताना पूर्ण भरलेली ६ व्होल्टची बॅटरी सुमारे ६.३ व्होल्ट व १२ व्होल्टची सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिनाचा वेग वाढविताच मंद दिवे प्रखर होत असतील, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर क्षार साचले आहेत, असे समजावे.

नंतर अर्थ तपासावा. मीटर नसल्यास एक जाड तार घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे दिव्याच्या कवचाला टेकवावे. दिवा एकदम उजळला, तर दोष परतीच्या वाटेत आहे. ब्रेक दाबताच मागचा भलताच दिवा मिणमिणू लागणे, हीही अर्थ बिघडल्याचीच खूण. कारण कोंडलेली वीज दुसऱ्या बल्बातून वाट काढते. सांधा उघडून पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासावा, घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे.

अर्थ निर्दोष असेल, तर येणारी तार पाहावी. गाडीच्याच व्होल्टचा एक लहान बल्ब व दोन तारा एवढे साधन पुरते. एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावून दुसरीने दिव्यापासून बॅटरीकडे एकेक जोड तपाशीत जावे. जेथे परीक्षेचा बल्ब प्रथम पेटेल, त्याच्या दिव्याकडील लगतच्या तुकड्यात दोष असतो. दूरचा झोत लागतो पण जवळचा लागत नाही, अशी दोन्ही दिव्यांची एकच तक्रार असेल, तर पायाने दाबावयाचा डिपर-स्विच संशयास्पद समजावा. तो जमिनीलगत असल्यामुळे पावसाळ्यातील चिखलपाणी प्रथम त्याच्यात शिरते. दिवे ठराविक अंतराने आपोआप विझत व पेटत असतील, तर एखादी तार लोखंडाला घासून उघडी पडली असावी. काही जुन्या जीपच्या स्विचात तापल्यावर प्रवाह तोडणारा कट-आउट असतो. तो अशा वेळी गाडी वाचवीत असतो.

हे करताना काही पथ्ये पाळावीत. सांधे उघडण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार सोडावी. हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये, कारण तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तार कदापि घालू नये. मग वितळण्याचे काम आतील तारांवर येते, आणि पेट्रोलची नळी तेथून फार दूर नसते. त्याचप्रमाणे उजेड कमी म्हणून अति प्रखर एलईडी बल्ब बसविणे हा उपाय नव्हे. त्याने मूळ दोष राहतोच, शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

मामांचा दिवा दुरुस्त होण्यास एक बोल्ट, पॉलिश पेपरचा तुकडा आणि अर्धा तास लागला. भिंतीवर पांढरा झोत पडला, तेव्हा मामा बराच वेळ त्याकडे पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन नेत्रवैद्यांकडे गेले. दृष्टी ठीक होती. समोरच्या झोताने मात्र त्यांना पूर्वीपेक्षा अधिक त्रास होत असे. तेव्हा शहराबाहेर रात्री गाडी न्यावयाची नाही, असे मामांनी स्वतःच ठरविले. निर्णय तोच राहिला. परंतु तो आता त्यांचा होता.

वाचकहो, महिन्यातून एकदा आपली गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे पाहण्याची सवय ठेवा. आणि घरातील वडील माणसाने ‘नीट दिसत नाही’ म्हटले, तर त्यांच्या डोळ्यांबरोबर गाडीचे डोळेही तपासा.