जिथे युनियन नसते

आपल्या सातारा-सांगलीची माणसे पोटासाठी दोन वाटांनी बाहेर पडली. एक वाट मुंबईची, दुसरी आखाताची.

मुंबईच्या बाजारांत पाठीवर गोण्या वाहणाऱ्यांना एके काळी ना ठरलेली मजुरी होती, ना सुट्टी. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची युनियन उभी केली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही बोर्डाकडे भरायची, बोर्डाने ती कामगाराला द्यायची, अशी रीत बसली. हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला.

आखाताच्या वाटेवर असा आधार नाही. सौदी आणि अमिरातीत युनियन काढायलाच बंदी आहे. कुवेतमध्ये परदेशी कामगाराला पाच वर्षांनी सभासद होता येते, पण मत देता येत नाही. बहरीनने २००२ च्या कायद्याने परदेशी कामगारांना युनियनचे दार उघडले. कतारमध्ये विश्वचषकाची मैदाने बांधली जात होती, तेव्हा बांधकाम कामगारांच्या जागतिक महासंघाने २०१६ साली आयोजकांशी करार करून कामाच्या जागांची तपासणी केली. मार्च २०२१ पासून तिथे किमान पगार १,००० रियाल ठरला. म्हणजे संघटित आवाजाने थोडे बदलते. पण सौदीच्या एखाद्या साइटवरच्या आपल्या मुलापर्यंत तो आवाज अजून पोहोचत नाही. त्यामुळे त्याची बाजू मांडणारे कागद घरातूनच तयार होऊन जायला हवेत.

आम्ही शिक्षक मुलांना सांगतो, दहावी व्हा, पासपोर्टवर ईसीआर येणार नाही. ते खरेच आहे. पण ईसीआर म्हणजे नुसता कमीपणा नव्हे. १९८३ च्या कायद्यानुसार असा पासपोर्ट असणारा ठरावीक १८ देशांत नोकरीला निघाला, तर सरकारी परवानगी लागते. त्या वेळी करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. दहावी पास मुलाला ही परवानगी लागत नाही, आणि म्हणून त्याचा करारही कुणी पाहत नाही. त्याच्या घरच्यांनीच तो पाहायचा.

एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याचे सेवाशुल्क कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी, त्याहून जास्त नाही. पावती घ्या. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ' असे कुणी म्हणाले तर उठून या. त्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा असतो. मग पगार बुडाला तरी मुलगा तक्रार करायला घाबरतो.

करारात पगार, कामाचे तास, राहणे-जेवण आणि परतीचे तिकीट लिहिलेले हवे. आपल्या घरांत अरबी अक्षरे वाचता येतात, पण कुरआन शरीफ वाचणे वेगळे आणि अरबी करार कळणे वेगळे. त्याचा तर्जुमा मागा. इंग्रजी अडत असेल तर गावातल्या शाळेत कागद घेऊन या. आम्ही शिक्षक एवढे नक्की करू शकतो.

करार, पासपोर्ट, व्हिसा आणि पावती यांच्या प्रती आईकडे किंवा बायकोकडे ठेवा. अडचण आली तर परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर घरचे माणूसही तक्रार करू शकते. वकिलातींकडे २००९ पासून अडलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे. पण तक्रार करणाऱ्या बहिणीला कंपनीचे नावही माहीत नसेल, तर दाद कुणाविरुद्ध मागायची?

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही आपल्या दीनची शिकवण आपण मालकांना ऐकवतो. मुलगा विमानात बसण्याआधी ती मजुरी त्याच्या करारात आकड्यांत लिहिली आहे का, हे आपण घरी बसून पाहून घेऊ या.