एका दिवसाचा मंडप आणि परवानगीचा कागद



कार्यकारिणीच्या मागच्या सभेत गणेशोत्सवाच्या अंदाजपत्रकातल्या एकाच ओळीवर पाऊण तास गेला. ओळ होती, "तात्पुरता मंडप व वीज : परवाना शुल्क". यंदा शाळेचे सभागृह मिळत नसल्याने शाळेच्याच पार्किंग लॉटमध्ये मंडप घालायचा विचार आहे. "अहो, एका दिवसाचा कार्यक्रम, त्याला कसली परवानगी? दादरला आम्ही रातोरात मांडव उभा करायचो," असे एक काका म्हणाले आणि हशा पिकला. आम्हीही हसलो. पण अर्ज भरायचे काम आम्हा तिघा-चौघांच्या गळ्यात पडले (सगळे इंजिनियर, पण पोटापाण्याला सॉफ्टवेअर!) आणि तो भरता भरता बरेच काही नव्याने कळले. ते इथे मांडतो आहोत.

काकांच्या दादरमध्येही आता रातोरात मांडव उभा राहत नाही. २०२५ साली मुंबई महापालिकेने मंडपासाठी रस्त्यात खणलेल्या प्रत्येक खड्ड्यामागे २,००० ऐवजी १५,००० रुपये दंड जाहीर केला. मंडळांनी ओरड केली आणि दंड पुन्हा २,००० वर आला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पैशांची, म्हणजे सण मोठा की रस्ता मोठा याची. खरा प्रश्न त्याच्या खाली दडलेला होता. रस्ते काँक्रीटचे झाले, खड्डा खणायचा नाही, तर मग वासा उभा राहणार कशाच्या जोरावर? नेमका हाच प्रश्न आम्हाला इथे पडला आहे, कारण पार्किंग लॉटच्या डांबरात खुंट्या ठोकायला शाळा परवानगी देत नाही.

उत्तर एकच, वजन. आता किती वजन ते पाहू. आपण पिकनिकला नेतो तो १० बाय १० फुटांचा कॅनपी घ्या. त्याच्या चार पायांना पाण्याने भरलेल्या पाच गॅलनच्या चार बादल्या बांधल्या की आपण निश्चिंत होतो. एक बादली साधारण ४० पौंड, म्हणजे चार मिळून १६०. वारा ताशी २० मैल असेल तर १०० चौरस फुटांवर ढोबळ मानाने १०० पौंडांचा जोर येतो आणि बादल्या पुरतात. वारा ४० मैलांवर गेला की तोच जोर ४०० पौंडांच्या वर जातो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. छप्पर किती उतरते, बाजू उघड्या की बंद, यावर आकडे बदलतील, पण अंदाज यावा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुपारच्या वादळात ४० मैलांचा झोत येणे काही नवलाचे नाही. मोठ्या मंडपाचा हिशोब तर वेगळाच. तिथे बादल्या नव्हे, काँक्रीटचे ठोकळे लागतात आणि ते कुठे किती हे भाड्याने मंडप देणाऱ्याच्या इंजिनियरला कागदावर सही करून द्यावे लागते. आमच्या अर्जातली सर्वात महाग गोष्ट ती सहीच आहे.

ती सही मागतात कशासाठी, याचे उत्तर इंडियानामध्ये मिळते. १३ ऑगस्ट २०११ रोजी इंडियाना स्टेट फेअरमध्ये 'शुगरलँड' या बँडचा कार्यक्रम सुरू होण्याच्या आधी वादळाचा झोत आला आणि स्टेजवरचे छत प्रेक्षकांवर कोसळले. ७ जण गेले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५९ मैल होता. नियमाप्रमाणे त्या सांगाड्याने ६८ मैलांचा वारा सोसायला हवा होता, पण ताण धरून ठेवण्यासाठी वापरलेले काँक्रीटचे ठोकळे पुरेसे जड नव्हते आणि ते सरकले. अशा तात्पुरत्या स्टेजची सरकारी तपासणी त्या वेळी तिथे होतच नव्हती. कायदा बदलला तो २०१२ मध्ये. आणखी एक गोष्ट चौकशीत पुढे आली. वादळ येते आहे हे ठाऊक होते, पण कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार नक्की कोणाचा हे स्पष्ट नव्हते. कार्यक्रम होईल अशी आशा दाखवणारी घोषणा झाली आणि काही मिनिटांतच छत खाली आले.

आपल्याकडचे २०२४ चे घाटकोपर आठवा. १३ मे रोजी पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग पडून १७ माणसे गेली. महापालिकेची मर्यादा होती ४० बाय ४०. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी त्यांची, महापालिकेची नाहीच. म्हणजे जागा वापरायची परवानगी होती, पण हे वाऱ्यात टिकेल का असे विचारणारे कोणी नव्हते. शाळेने आम्हाला पार्किंग लॉट दिला म्हणजे सगळे झाले असे समजणारे आम्हीही काही वेगळे नव्हतो, हे कबूल करतो.

आता आगीचे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जो फायर कोड लागू आहे त्यानुसार ४०० चौरस फुटांपेक्षा मोठ्या तंबूला परवाना लागतो आणि चारही बाजू उघड्या असतील तर ७०० पर्यंत सूट असते. आमची युक्ती अशी होती की मोठा मंडप फक्त मूर्ती आणि कार्यक्रमापुरता घ्यायचा आणि खाण्याच्या स्टॉलसाठी १० बाय १० चे आठ कॅनपी ओळीने लावायचे. प्रत्येक १०० चौरस फुटांचा, म्हणजे परवान्याची कटकट नाही! पण कोड लिहिणाऱ्यांना आपल्यासारखे लोक आधीच भेटलेले दिसतात. मधे १२ फूट मोकळी जागा सोडली नाही तर सगळ्यांचे क्षेत्रफळ एकत्र धरतात. आमचे झाले ८००. शिवाय ज्याच्याखाली वडे तळायचे तो कॅनपी इतरांपासून २० फूट लांब हवा. बटाटेवड्याचा स्टॉल आता एकटाच कोपऱ्यात जाणार.

कापड आग न धरणारे असल्याचे लेबलही तपासतात. त्यामागे ६ जुलै १९४४ ची हार्टफर्डची आग आहे. सर्कसच्या तंबूला पाणी लागू नये म्हणून मेण आणि पेट्रोलचा लेप दिला होता. दीडशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले कितीतरी. आणि २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाचा मंडप पेटून चारशेहून अधिक बळी गेले. दोन्हीकडे लोक मुलांना घेऊनच आले होते. म्हणूनच घरून आणलेल्या साड्यांची आणि थर्मोकोलची सजावट यंदा होणार नाही, हे सजावट समितीतल्या ताईंनी कृपया मनावर घ्यावे.

विजेचा भाग आम्हाला सोपा वाटला होता. साध्या २० अँपिअरच्या सर्किटवर २,४०० वॉट मिळतात आणि सलग तीन तास चालवायचे तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १,९२० वॉटच धरायचे. चहाचे मोठे भांडे एकटेच १,५०० वॉट खाते. त्यात साउंड सिस्टिम, दिवे, इडली गरम ठेवायचा हीटर! (ढोल-ताशाला वीज लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण.) मागे एका वर्षी आरतीच्या ऐन मध्ये जीएफसीआयचे बटण चार वेळा उडाले. हे उपकरण पाच मिलिअँपिअरच्या आसपास वीज भलतीकडे गळली तरी पुरवठा तोडते. आम्ही "हे खराबच आहे" म्हणत दुसऱ्या, साध्या सॉकेटमध्ये वायर लावायला निघालो होतो. शाळेच्या कर्मचाऱ्याने थांबवले आणि दाखवले, दोन एक्स्टेन्शन कॉर्डचा जोड ओल्या गवतात पडला होता आणि शेजारी मुले अनवाणी खेळत होती. आमच्यातल्या एकाची मुलगी त्यात होती.

तक्रारीला जागा नाही असे नव्हे. दोनशे कुटुंबांच्या मंडळाला आणि तिकीट लावून मैफिली करणाऱ्या कंपनीला एकच शुल्क, हे पटत नाही. शेजारच्या गावात तोच अर्ज निम्म्या पानांचा आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये, दहा वर्षे नियम पाळणाऱ्या मंडळांना एकदम पाच वर्षांची परवानगी देण्याचे ठरले. जागेपुरते आणि कागदपत्रांपुरते तसे इथेही करावे, असे पत्र आम्ही गावाला लिहिणार आहोत. मात्र मंडप दर वर्षी नव्याने बांधला जातो. त्यामुळे वजनाची आणि वायरिंगची पाहणी दर वर्षी व्हायला हवी, तिथेही आणि इथेही.

अर्ज जवळजवळ भरून झाला आहे. एक रकाना राहिला आहे. वारा किंवा वीज आल्यास कार्यक्रम थांबवून लोकांना शाळेच्या इमारतीत नेण्याचा अधिकार कोणाकडे, त्याचे नाव आणि मोबाईल नंबर. अध्यक्ष स्टेजवर असतील, सचिव नाटकात आहेत, खजिनदार वहिनी कुपनांच्या टेबलावर. ज्यांचे त्या दिवशी दुसरे काहीही काम नाही आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण मध्येच थांबवायला जे संकोचणार नाहीत, अशांनी या रविवारपर्यंत कार्यकारिणीशी संपर्क साधावा. वारा मोजायचे यंत्र मंडळ घेऊन देईल.