सहाशेची ‘पैठणी’ अन् एक स्टार : चूक नेमकी कुणाची?

नाशिक : ऑनलाइन ‘येवला पैठणी’ शोधली, की पाच-सहाशे रुपयांच्या साड्याही समोर येतात. खाली एक स्टारचे रिव्ह्यू : ‘रेशीम नाही’, ‘काठाचे धागे निघाले’. त्यावर ठरलेले उत्तर, ‘या किमतीत आणखी काय मिळणार?’

येवल्यात हातमागावर एक पैठणी विणायला काही आठवडे, नक्षी भरगच्च असेल तर महिने लागतात. त्यामुळे सहाशेत हातमागाचे रेशीम मिळणे शक्यच नाही. वर्णनात ‘पॉलिस्टर’ लिहिले असेल, तर रेशीम नाही म्हणून स्टार कापणे अन्यायाचेच.

पण ‘प्युअर सिल्क’ लिहिले असेल तर? मग कमी किंमत ही सबब चालत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. विक्रेता परराज्यातला असला तरी तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

सहाशेसाठी इतके कोण करणार, हेही खरेच. पण ऑर्डर देतानाच वर्णनाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. ते नंतर बदलले, तर हातात पुरावा तेवढाच राहतो.