गेटवरचा फलक कोणासाठी?

३० जून ही धोकादायक कचऱ्याच्या वार्षिक विवरणाची, म्हणजे फॉर्म चारची, शेवटची तारीख. २०२५ मध्ये त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या पीथमपूरच्या भट्टीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळून संपला. अंकलेश्वरने तो नाकारला होता, नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीला महाराष्ट्राने विरोध केला, आणि जर्मनीला न्यायचा बेत २०१२ मध्ये बारगळला.

पीथमपूरच्या याच भट्टीत २०१५ मध्ये १० टनांची चाचणी झाली होती. म्हणजे गावाशी बोलायला जवळजवळ दहा वर्षे हातात होती. प्रत्यक्षात १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून निघाले, ३ तारखेला गाव बंद झालं, दोघांनी पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यानंतर, न्यायालयाने सहा आठवडे दिल्यावर, सरकार लोकांना समजावायला निघालं. चुना मिसळला की राख मूळ कचऱ्याहून जास्त भरते, हे आपल्याला ठाऊक असतं. ती राख कुठे पुरणार, हा गावाचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर गाड्या निघण्याआधी द्यायचं असतं.

आता आपल्या दारात पाहू. धोकादायक कचऱ्याची माहिती गेटबाहेर लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे. गेल्या महिन्यात एका कारखान्यावर गेलो होतो. फलक होता. रकाने इंग्रजीत, आकडे तीन वर्षांपूर्वीचे, आणि पुढे टँकर उभा. विचारलं तर उत्तर आलं, “साहेब, तपासणी असली की रंगवून घेतो.” प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारीही ‘फलक आहे’ एवढी नोंद करून पुढे जातात, त्यावरची तारीख कुणी वाचत नाही. औद्योगिक वसाहतीत २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीतून सूट मिळू शकते. ती मिळाली की गावाशी बोलण्यातूनही सुटलो, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. हे चुकीचं आहे, आणि पुढची भट्टी किंवा लँडफिल अडेल ते याच समजुतीमुळे.

सभासदहो, या महिन्यात एवढं कराच. फलक मराठीत लिहा, त्यावर आजची तारीख टाका, चिमणीचे आणि डायॉक्सिनचे शेवटचे निकाल द्या, कमी-जास्त जे असतील ते. सरपंचांना आणि शाळेतल्या शिक्षकांना आत बोलवा, भट्टी दाखवा. मग त्या फलकाचा फोटो आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.