पंख्याचा आवाज आणि यंत्राचा धनी

मालवणच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे खारे वारे सुटले की दारे-खिडक्या सताड उघड्या टाकण्याचा रिवाज जुना आहे. त्याच खिडकीशी आता एखादा विद्यार्थी गेमिंग लॅपटॉप मांडून बसलेला दिसतो, आणि त्या यंत्राच्या पंख्याची घरघर माजघरापर्यंत ऐकू येते. हा केवळ खेळाचा शौक आहे असे मानणे अन्यायाचे होईल. अ‍ॅनिमेशन, वास्तुरचना, चित्रफितींचे संपादन शिकणाऱ्यांना अशाच यंत्राची गरज भासते, आणि त्याचे हप्ते अनेक घरांत मासळीच्या वा आंब्याच्या हंगामावर विसंबून फेडले जातात. म्हणूनच पंखा ओरडू लागताच ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल बिनचौकशी देणाऱ्या दुकानदारांविषयी, आणि तो निमूटपणे स्वीकारणाऱ्या पालकांविषयीही, स्पष्ट लिहिणे भाग आहे.

पंख्याचा आवाज हे लक्षण आहे. ते कशाचे, हे ठरविण्यासाठी प्रथम एकच गोष्ट पाहावी: कोणताही खेळ चालू नसताना ग्राफिक्स कार्ड राबत आहे काय? विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये २०१७ पासून कोणता प्रोग्राम कार्डाचा किती वापर करतो हे दिसते. खेळ चालू असताना हा आकडा शंभराजवळ गेला तर घाबरण्याचे कारण नाही. कार्ड त्यासाठीच घेतलेले असते.

आकडा अगदी कमी, आणि तरीही पंखा गर्जत असेल, तर दोष बहुधा उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेत असतो. येथे आपल्या किनाऱ्याचा गुण आडवा येतो. जांभ्याची तांबडी धूळ सर्वत्र आहेच. तिच्यात खाऱ्या हवेचा ओलावा मिसळला की तांब्याच्या नळ्यांपुढील बारीक पात्यांमध्ये तिचा थर बसतो. मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे हा थर नुसत्या फुंकरीने निघत नाही आणि धातूही गंजतो. शिवाय चिपवरील उष्णतावाहक लेप काही वर्षांत सुकतो. यंत्र गादीवर ठेवले तर खालची छिद्रेच बुजतात. आत येणारी हवाच ३४ अंशांची असेल तर पंख्याने तरी काय करावे? यंत्र उघडून सफाई व नवा लेप, एवढ्यावर हे बहुधा भागते. त्याला मदरबोर्डाचे नाव देणे हा व्यापार झाला.

आकडा मात्र खेळाविना चढत असेल, तर राबवून घेणारा कोण याचा शोध घ्यावा. ब्राउझरमधील चित्रफीत, हलणारे वॉलपेपर, पडद्याचे चित्रण करणारा प्रोग्राम हे नेहमीचे संशयित. (निष्क्रिय कार्ड आपला वेग उतरवते, त्यामुळे त्या वेळी दिसणारे वीस-तीस टक्केही फसवे असू शकतात, तापमान सोबत पाहावे.) कधी दोष खेळाचाच असतो. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’च्या मेनूवर काही कार्डे तापू लागली, कारण स्थिर पडद्यासाठीही ती मर्यादेविना चित्रे काढीत होती. सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली की असा आवाज बहुधा ओसरतो.

याहून गंभीर प्रकार चोरीचा. २०१३ मध्ये ईएसईए या स्पर्धात्मक खेळ चालविणाऱ्या संस्थेच्या प्रोग्राममध्ये बिटकॉइन काढणारी गुप्त संहिता आढळली. खेळाडूंची कार्डे त्यांच्या नकळत राबत होती. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याशी झालेली तडजोड दहा लाख डॉलरची होती. नामांकित संस्थेच्या प्रोग्रामात हे घडले, मग पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या चोरट्या खेळांची शाश्वती कोणी द्यावी? असे काही प्रोग्राम तर ‘टास्क मॅनेजर’ उघडताच दडून बसतात. तो उघडताक्षणी पंखा मंदावत असेल, तर संशयास पुरेशी जागा आहे. वीजबिल मात्र घरधन्याच्याच नावे येते.

तेव्हा दुरुस्तीच्या दुकानांनी सुटा भाग बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी निष्क्रिय स्थितीतील वापर, तापमान, आणि सफाईनंतरचे तेच आकडे लेखी द्यावेत. ग्राहकांनीही त्याविना पैसे मोजू नयेत. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर अशा तपासणीचे एक शिबिर भरविले, तर पुष्कळ घरांचा एखादा हप्ता वाचेल.